इंटरनेटवर नव्याने आलात? आधी एक वही घ्या

शंभर पानी, रेघांची, शाळेजवळच्या दुकानात मिळते तीच. मोबाइल हातात आला की लोक आधी कव्हर घेतात, काच लावून घेतात. वही मात्र कोणी घेत नाही. मीही घेतली नव्हती.

माझी आत्या पासष्टीची. दिवाळीत तिच्या हाती पहिला स्मार्टफोन आला आणि संक्रांतीच्या आधी खात्यातले एकोणीस हजार गेले. ‘वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापणार’ असा मेसेज, खाली ‘अधिकाऱ्या’चा नंबर. तिने फोन लावला, समोरच्याने सांगितलेलं अ‍ॅप उतरवलं, आणि तिच्या फोनचा पडदा त्या माणसाला दिसू लागला. आम्ही शाखेत गेलो. काउंटरवरचा माणूस भला होता, ‘बघतो’ म्हणाला. आम्ही घरी आलो. तीन आठवड्यांनी परत गेलो तर त्याची बदली झालेली, आणि आम्ही कधी आलो होतो याची कुठेच नोंद नाही. तक्रार तोंडी केली होती. कागद नाही, नंबर नाही.

त्यानंतर मी गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी बसू लागलो. नव्याने फोन घेतलेले लोक येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी वही घ्यायला लावतो. आपल्या देशात इंटरनेट वापरणाऱ्या माणसाला हक्क बरेच आहेत. पण तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक हातात असेल त्यालाच ते मिळतात. बाकीच्यांना ‘बघतो’ मिळतं. पुढचं सगळं त्या वहीत काय आणि कधी लिहायचं याबद्दल आहे.

पहिलं पान: तुमच्या नावावर काय काय आहे

आधी सिमकार्डं. दूरसंचार खात्याचं ‘संचार साथी’ नावाचं संकेतस्थळ २०२३ पासून सुरू आहे. तिथे आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत त्याची यादी दिसते. एका माणसाला जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६). वाचनालयात एका शेतकरी काकांच्या नावावर चार नंबर निघाले. त्यांच्याकडे फोन एकच. कधीतरी सिम घेताना दुकानदाराने ‘अंगठा उमटला नाही, परत लावा’ म्हणून दोनतीनदा अंगठा घेतला होता, एवढं त्यांना आठवलं. अनोळखी नंबरसमोर ‘हा माझा नंबर नाही’ असा पर्याय असतो. तो निवडला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो वहीत. फोन हरवला तर तो बंद पाडण्याची सोयही याच ठिकाणी आहे.

यासाठी अ‍ॅप लागत नाही, संकेतस्थळ पुरतं. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२५ च्या शेवटी हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालून देण्याचा आदेश सरकारने कंपन्यांना दिला होता. सरकारी अ‍ॅप न विचारता माझ्या फोनमध्ये का, असा आरडाओरडा देशभर झाला आणि ३ डिसेंबरला तो आदेश मागे घेतला गेला. सोय चांगली असली तरी ती सक्तीने गळ्यात मारू नये, असं म्हणणाऱ्यांचं तेव्हा ऐकलं गेलं. मलाही ते म्हणणं पटतं.

मग आधार. झेरॉक्स द्यावीच लागली तर तीवर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, सही. शक्य तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका’ असं पत्रक काढलं आणि गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत मागे घेतलं. पत्रक गेलं, झेरॉक्सच्या दुकानात पडलेल्या जादा प्रती तिथेच राहिल्या. लॉजवर किंवा सोसायटीच्या गेटवर आधारच हवं असा हट्ट धरला, तर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, गावातला बँक मित्र त्याच यंत्राने पेन्शन देतो. देशात काही ठिकाणी भामट्यांनी जमिनीच्या दस्तांवर उमटलेले ठसे उचलून त्यांचे रबरी नमुने बनवले आणि लोकांची खाती रिकामी केली. अशा व्यवहारात ओटीपी येत नाही, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. उपाय आहे: आधारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर बायोमेट्रिक कुलूप लावायचं. पण एक लक्षात ठेवा, कुलूप लावलं की रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही. दुकानात गेल्यावर थोड्या वेळापुरतं उघडायचं, काम झालं की ते आपोआप परत लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे एकट्याने जमणार नाही. रेशनच्या दिवशी कोणीतरी बरोबर जा, किंवा फोनवर राहून करून द्या. अडलं तर आधारची मदतवाहिनी १९४७.

पैसे गेले तर: रडायच्या आधी १९३०

१९३० हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. घरातल्या भिंतीवरही लिहा. ही केंद्रीय गृहखात्याची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे.

घाई का, ते समजून घ्या. गेलेला पैसा लगेच कोणाच्या खिशात पडत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा पळवला जातो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतो. तुमची तक्रार नोंदली गेली की ती त्या साखळीतल्या बँकांपर्यंत जाते आणि पैसा ज्या खात्यात असेल तिथे तेवढी रक्कम रोखून धरता येते. पैसा एटीएममधून निघाला की रोखायला काही उरत नाही. म्हणून पहिला तास मोलाचा. शाखा उघडायची वाट बघू नका, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबू नका.

फोन लावताना हे समोर ठेवा: कोणत्या बँकेचं खातं, किती रक्कम, किती वाजता गेली, आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक. यूपीआयचा असेल तर तो १२ आकडी असतो. हा क्रमांक नीट सांगितला की पुढचा शोध सोपा जातो. तक्रार घेतल्यावर पोच क्रमांक मिळतो, तो वहीत. नंबर लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) तीच तक्रार लिहा.

त्याच दिवशी बँकेलाही कळवा. बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करा, शिवाय शाखेत लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख मागून घ्या. शिक्का मागताना संकोच वाटतो, मला माहीत आहे. आत्याच्या वेळी मलाही वाटला होता. मागा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात चूक ना तुमची ना बँकेची, फसवणूक तिसऱ्यानेच केली, असं असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर नुकसानीची जबाबदारी शून्य धरली आहे. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दोन्ही बाबतीत ‘कधी कळवलं’ यावर सगळं ठरतं, आणि ते सिद्ध करणारा कागद म्हणजे तो शिक्का. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असा धाक घालून पैसे उकळतात, त्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. खाकी घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर दिसला, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली दिसली, तरी फोन ठेवायचा. आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवा: जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हजर राहण्याची पोलिसांची नोटीस (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५) व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही. अशी ‘नोटीस’ आली तर तिचा स्क्रीनशॉट काढा आणि जवळच्या ठाण्यात नेऊन दाखवा.

फोटोचा गैरवापर झाला तर

या भागासाठी मुली एकट्या येतात. रविवारी सगळे गेल्यावर, चपला घालता घालता विचारतात. त्यांना मी पहिलं वाक्य एकच सांगतो: तू काही चूक केलेली नाहीस. तुम्हीही घरातल्या मुलीला हेच पहिलं सांगा. फोन हिसकावून घेतलात तर पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही, आणि धमकावणाऱ्याला हेच हवं असतं.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. ब्लॉक करायच्या आधी पुरावा गोळा करा: पोस्टचा स्क्रीनशॉट, त्या पानाची पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख, वेळ. चॅट पुसू नका.

मग त्या कंपनीकडे तक्रार. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधलं ‘रिपोर्ट’ बटण दाबा, पण तेवढ्यावर थांबू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याला लेखी मेल करा. नग्न, अर्धनग्न किंवा मॉर्फ केलेला (म्हणजे चेहरा तुमचा, बाकी चित्र दुसरंच) फोटो असेल, कोणी तुमच्या नावाने खोटं खातं काढलं असेल, तर तो मजकूर हटवण्यासाठी कंपनीला जास्तीत जास्त २ तास आहेत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती). मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा: ‘हा माझा फोटो आहे, माझ्या संमतीशिवाय टाकला आहे, नियम ३(२)(ख) नुसार तातडीने हटवावा.’ नियमाचा क्रमांक लिहिला की समोरच्याला कळतं, तक्रारदाराला मुदत माहीत आहे.

कंपनीने ऐकलं नाही, तर २०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्या आहेत. कंपनीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत तिथे ऑनलाइन अपील करायचं. कंपनीने विनाकारण तुमचं खातं बंद केलं, पोस्ट उडवली, तरीही हाच रस्ता. या समित्या सरकारच नेमतं, म्हणून त्यांच्या हाती काय राहावं आणि काय जावं याचा निर्णय असावा का, यावर हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण आज रात्री एखाद्या मुलीचा फोटो फिरत असेल तर हाताशी असलेलं प्रत्येक दार ठोठवायचं.

सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांच्या बाबतीतल्या लैंगिक मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणाले तर ‘झिरो एफआयआर’ नोंदवा म्हणून सांगा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती बसते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते.

लिहायला घाबरू नका, पाठवताना थांबा

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. त्यावरून एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. ‘त्रासदायक’, ‘अपमानास्पद’ असे ढोबळ शब्द घालून कोणालाही तुरुंगात टाकता येणारं ते कलम होतं. रद्द झाल्यानंतरही अनेक वर्षं काही ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. शेवटी २०२२ मध्ये न्यायालयाला परत सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. म्हणून तुमच्या पोस्टवरून कोणी बोलावलं तर शांतपणे विचारा: कोणत्या कलमाखाली? उत्तर वहीत लिहा. ६६अ म्हणाले तर ते कलम रद्द झालंय, हे सांगा. इतर कलमं आहेत, बदनामीचं आहे, दोन समाजांत तेढ लावण्याचं आहे, तेव्हा काहीही लिहिलं तरी चालतं असा याचा अर्थ नाही.

ग्रुपचे अ‍ॅडमिन नेहमी विचारतात, कोणीतरी काहीतरी टाकलं तर मी आत जाईन का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये, गोंदियातल्या एका प्रकरणात, सांगितलं की संगनमत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.

पण न्यायालयाने सुटका केली म्हणून प्रश्न संपत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. मंगळवेढ्याहून भिक्षा मागायला आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. बाजाराचा दिवस होता. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यातल्या बहुतेकांना आपण गावाला सावध करतोय असंच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. तुमच्या फोनमध्ये दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसतं, ते यानंतरच्या बदलांमधलं. ते बाण दिसले की हात थांबवा. गावाचं नाव, तारीख, ठाण्याचं नाव मेसेजात आहे का बघा. नसेल तर पुढे पाठवू नका. असेल तर ठाण्यात फोन करून विचारा. माझ्या वाचनालयातल्या बायका आता असा फोन करतात, आणि ठाण्यातले हवालदारही आता ओळखीने उत्तर देतात.

अ‍ॅप माहिती मागतं तेव्हा

हा भाग थोडक्यात, कारण कायदा अजून पूर्ण लागू व्हायचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावरचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं २०२७ च्या मे महिन्यापासून सुरू होतील. तेव्हा आपल्याबद्दलची माहिती काय साठवली आहे ते विचारता येईल, चुकीची दुरुस्त करून घेता येईल, पुसायलाही सांगता येईल. संमतीची सूचना मराठीत मागण्याचाही हक्क असेल, आणि तो आपण वापरायला हवा. न समजणाऱ्या इंग्रजीखाली ‘मान्य आहे’ दाबणं म्हणजे संमती, असं मी मानत नाही. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात भरपाई नाही, ही मोठी उणीव आहे.

तोवर: टॉर्चच्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली तर नाकारा. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोटो आणि संपर्क मागितले तर अ‍ॅपच काढून टाका. वसुलीच्या वेळी त्याच यादीतल्या नातेवाइकांना फोन जातात.

नेट बंद पडलं तर

कधी टॉवर बिघडतो, कधी सरकार बंद करतं. दुसऱ्या प्रकारात काय करायचं हे फार कमी लोकांना माहीत असतं. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये सगळं नेट बंद झालं आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात बंद होतं. तेवढ्या काळात यूपीआय नाही, ऑनलाइन अर्ज नाही, आणि हातावर पोट असलेल्या रिक्षावाल्याला, भाजीवालीला त्याचा सगळ्यात जास्त फटका.

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्याच प्रकरणात सांगितलं की नेटबंदीचा आदेश जाहीर करावाच लागेल, म्हणजे लोकांना त्याला आव्हान देता येईल. नियमांनुसार एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि त्याची कारणं लेखी असावी लागतात. पण २०२१ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीला असं आढळलं की देशात किती वेळा, कुठे नेट बंद केलं याची नोंदच केंद्राची खाती ठेवत नाहीत. म्हणून तुमची वही इथे फार कामाची. किती वाजता बंद झालं, कोणत्या कंपनीचं, फक्त मोबाइलचं की ब्रॉडबँडही, किती वाजता परत आलं, तुमचं कोणतं काम अडलं. हे लिहून ठेवा.

नेट परत आलं की गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, ऑनलाइनही करता येतो. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मी वापरतो तो मजकूर असा:

‘अमुक तारखेला अमुक तालुक्यात इंटरनेट सेवा बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत मिळावी. सदर आदेश कोणत्या दिवशी व कुठे प्रसिद्ध करण्यात आला त्याची माहिती मिळावी. पुनर्विलोकन समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी.’

तीन वाक्यं, तीन कागद. (पुनर्विलोकन समिती म्हणजे नेटबंदीचा आदेश नियमात बसतो का ते तपासणारी सरकारी समिती.) अर्जाची पोच वहीत चिकटवा आणि खाली तारीख घाला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही’ एवढीच ओळ आली, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. दोन्ही तारखा आजच लिहून ठेवा, त्यासाठी वहीचं शेवटचं पान कोरं सोडलेलं असतं.